उसना विस्तव

मला माणसांवर चटकन विश्वास ठेवता येत नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलेलं नाही. उभा जन्म कोर्टात भाषांतरकार म्हणून गेला. साक्षीदार वऱ्हाडीत सांगणार, कोणी गोंडीत, कोणी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, मध्ये एखादा दुभाषी, आणि शेवटी कागदावर उतरवायला मी. माणसं सरसकट खोटं बोलतात असं नाही. खरंच बोलतात, पण आपल्याला परवडेल तेवढं. घरचे म्हणतात, भाजीवालीनं मेथी ताजी आहे म्हटलं तरी ही जुडी उलटी करून बघते. बघतेच. काहून बघू नये?

रिटायर होऊन यवतमाळात घरी बसले होते तेव्हा संस्थानच्या अध्यक्षांचा फोन आला. झरी जामणीकडे जंगलाच्या तोंडाशी महाराजांचं देऊळ आहे. माझं माहेर मारेगावचं, आणि माहेरच्या सगळ्यांची तिथे भक्ती. महाराजांची पोथी एकवीस अध्यायांची, ओव्यांची, पण छापलेली कधी नव्हती. चार घरांत हातानं उतरवलेल्या चार प्रती होत्या. आता संस्थानला एकच अधिकृत ग्रंथ काढायचा होता, चारही प्रती पडताळून, खाली सोप्या मराठीत अर्थ देऊन.

"ताई, तुमच्याइतकं चोख काम कोण करणार? आणि पोथी लिहिली कोणं, तुमच्याच पणजोबांनी. घरचंच काम आहे," अध्यक्ष म्हणाले.

गोड बोलणाऱ्याचा मला आधी संशय येतो. पण पणजोबांचं नाव निघालं आणि मी विरघळले. पणजोबा तहसील कचेरीत नकलनवीस होते. म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या कागदांच्या नकला करायच्या. महाराजांच्या आठवणी लोकांकडून गोळा करून त्यांनी त्या ओव्यांत बांधल्या, म्हणून यात्रेत पहिला अध्याय वाचायचा मान आमच्या घराचा. हल्ली तो मान माझा भाऊ घेतो आणि त्या दिवशी त्याची चाल बदलते.

चार प्रती टेबलावर मांडल्या आणि पहिल्याच आठवड्यात माझी करमणूक सुरू झाली. पुजाऱ्याच्या घरच्या प्रतीत महाराज सांगतात, की माझी पूजा याच घरानं करावी, दुसऱ्यानं हात लावला तर कोप होईल. बाकी तीन प्रतींत ही ओवीच नाही. पाटलांच्या प्रतीत महाराज पाटलाच्या वावरात सात दिवस ध्यानाला बसले. शिंप्याच्या प्रतीत ते वावर कोणाचं हे सांगायला जागा नाही, पण महाराजांची कफनी कोणी शिवली याला पूर्ण अकरा ओव्या आहेत! सगळ्यात जुन्या प्रतीत महाराज एका अत्तरवाल्या चाचाच्या दुकानात बसून गप्पा मारतात. नव्या प्रतींत दुकान आहे, गप्पा आहेत, चाचा गायब. मी एकटीच हसत बसायची. देवमाणूस एक, पण ज्याच्या घरी उतरला त्याचाच नातेवाईक झाला. अशी जागा आली की मी समासात पेन्सिलीनं लिहायची: हितसंबंध.

सातव्या अध्यायापाशी मात्र हसू थांबलं. त्या अध्यायात विस्तवाची कथा आहे.

हे समजायला आधी यात्रेची रीत सांगायला हवी. देवळापासून दीड कोसावर कोलाम आदिवासींचं पोड आहे, पोड म्हणजे त्यांची वस्ती. यात्रेच्या सकाळी पुजारी आणि गावची चार प्रतिष्ठित माणसं अनवाणी त्या पोडावर जातात. तिथे एका ठराविक घरासमोर उभं राहून म्हणायचं, "माय, विस्तव दे." घरातली कर्ती बाई आपल्या सवडीनं उठते. कधी अर्धा तास लावते, कधी तास. मग खापरात निखारे घालून देते आणि त्या निखाऱ्यावर देवळातला पहिला दिवा लागतो. त्याआधी देवळात काडीसुद्धा ओढायची नाही. वर्षभर हीच बाई गावात कापूस वेचायला, निंदायला जाते आणि याच माणसांच्या दारात उभी राहते. त्या एका सकाळी ते तिच्या दारात उभे राहतात.

आणि चारही प्रती सांगत होत्या:

कोलामीण येऊनि चरणीं । विस्तव अर्पी कर जोडुनी ।
म्हणे तुझा तूंचि धनी । सांभाळ आता ॥

मी चष्मा काढून ठेवला. जिनं पायाशी आणून कायमचा अर्पण केला, तिच्याकडे दरसाल मागायला कशाला जायचं? चार प्रती बाकी कशावरच एकमत होत नाहीत आणि इथे मात्र शब्दाला शब्द. चार साक्षीदार एकच वाक्य सारखंच बोलायला लागले की पढवलेले असतात, हे कोर्टातला चपराशीसुद्धा सांगेल.

अध्यक्षांना विचारलं तर त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. "ताई, आता सभामंडप नवा झाला. मोठे पाहुणे येतात, त्यांना दोन-दोन तास ताटकळत ठेवायचं काय? आणि मले सांगा, महाराज म्हणजे देणारे. ते मांगाले कसे जातील? ग्रंथात अर्पण लिहिलं आहे, ते छापून आलं की ही पोडाची वारी बंद करू. शास्त्राधार पाहिजे फक्त."

म्हणजे माझ्या हातानं आधार पाहिजे होता. मला राग आला. म्हटलं, थांबा. ज्या घरानं विस्तव दिला त्यांचं म्हणणं काय, हे ऐकल्याशिवाय माझी सही होणार नाही.

वणीपर्यंत बस, पुढे काळीपिवळी, पुढे पायी. पोडावरच्या शाळेतले गुरुजी सोबत आले. ते स्वतः कोलाम, त्याच पोडातले. विस्तव देणाऱ्या आजींचं घर कुडाचं, अंगण स्वच्छ. आजींना गावापुरती वऱ्हाडी समजायची, पण ही गोष्ट मात्र त्यांनी कोलामीतच सांगायची ठरवली. विस्तवाचं गाणं आहे म्हणाल्या, त्यांच्या मायनं शिकवलेलं. डोळे मिटून त्यांनी गायलं. जेमतेम तीन ओळी होत्या, आणि संपलं.

गुरुजींनी अर्थ सांगायला घेतला. महाराज हिवाळ्यात तापानं फणफणले होते. गावात एकेका दारी फिरले. कोणीच दार उघडलं नाही. शेवटी पोडावर आले आणि विस्तव उसना मागितला. आमच्या बाईनं विचारलं, परत कधी करशील? महाराज म्हणाले, माझ्यापाशी चूल नाही, परत कशाचा करू? पण दरसाल तुझ्या दारी येऊन मांगत जाईन, तीच परतफेड. तेव्हा तिनं दिला.

गुरुजी बोलत होते आणि मी मनात ओळी मोजत होते. गाणं तीन ओळींचं, अर्थ आठ-दहा वाक्यांचा. कोर्टात साक्षीदार 'नाही' एवढं म्हणायचा आणि दुभाषी पाच वाक्यं सांगायचा, तेव्हा माझे कान असेच टवकारायचे.

"गुरुजी, एवढं सगळं त्या तीन ओळींत आहे?" मी विचारलं.

"आहे मॅडम. आमच्याकडे लेकरालेही मालूम आहे, म्हणून गाण्यात सगळं नाही सांगत."

आजी गुरुजींना काहीतरी विचारत होत्या, माझ्याकडे बघत. "काय म्हणतात?" मी विचारलं.

"विचारते, की पुस्तक झाल्यावर लोक येतील ना विस्तव मांगाले? ती म्हणते, मले दुसरं काही नको. धान्य नको, साडी नको. दारात येऊन मांगा, एवढंच."

मी म्हटलं, येतील. काय म्हणून म्हटलं, देव जाणे.

घरी येऊन सगळं लिहून काढलं. गाण्याचा अर्थ जसा सांगितला तसा लिहिला, आणि सवयीप्रमाणे खाली शेरा मारला: "दुभाषी त्याच वस्तीतील असल्याने त्यांचा हितसंबंध नाकारता येत नाही. मूळ गीतापेक्षा भाषांतर बरेच विस्तृत आहे. स्वतंत्र पुरावा नाही." पुजाऱ्याला, पाटलाला, शिंप्याला जे माप लावलं तेच गुरुजींना लावलं. आपण फार निःपक्ष वागलो असं वाटून मी त्या दिवशी दोन कप चहा प्यायले.

अध्यक्षांना कागद पोचला आणि त्यांचा लगेच फोन. "वा ताई, काय मुद्देसूद लिहिलं!" त्यांच्या आवाजात भलताच आनंद होता. मी कोणाच्या फायद्याचं लिहिलं होतं, हे मला तेव्हा उमगलं. बैठक पंधरा दिवसांवर होती.

स्वतंत्र पुरावा नाही, असं लिहिलं होतं ना मी? मग शोधायला नको? मारेगावला भावाकडे गेले. पणजोबांची एक पत्र्याची पेटी कपाटावर पडून होती. ती कोणी कधी उघडली नव्हती, कारण सगळ्यांना मान पाहिजे होता, कागद कोणाला पाहिजे होते? आत बाजारहाटाच्या याद्या, दोन पंचांगं, आणि तळाशी पोथीचा कच्चा खर्डा. ओव्या बांधण्याआधी लोकांनी सांगितलेलं त्यांनी साध्या गद्यात टिपून ठेवलं होतं.

सातव्या अध्यायाच्या पानावर लिहिलं होतं: महाराजांस हीव भरले. गावात कोणी दार उघडले नाही. पोडावर जाऊन विस्तव उसना मागितला. बाई म्हणाली, परत कधी? महाराज म्हणाले, दरसाल येऊन मागत जाईन.

गुरुजींनी सांगितलेलं सगळं तिथे होतं.

त्या ओळींवर एक आडवी रेघ होती. सरळ, बारीक, खालचं अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. कचेरीतली शिस्तच तशी असते: खाडाखोड करायची नाही, मूळ मजकूर दिसला पाहिजे, बाजूला कारण लिहायचं आणि सही करायची. माझे पणजोबा पक्के नकलनवीस. खोटं लिहितानासुद्धा त्यांनी शिस्त मोडली नव्हती. समासात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात होतं: "गावाने दार लाविले हे नको. मंडळींची नाराजी. येथे अर्पण असे घालावे." खाली त्यांची सही.

मी तिथेच फरशीवर बसले. पेन्सिलीनं 'हितसंबंध' कुठे कुठे लिहीत फिरले होते मी! आमच्या घराचा मान त्या रेघेवर उभा होता. गावाला राग येईल असं लिहिलं असतं तर पोथी वाचली कोणी असती, आणि मान दिला कोणी असता?

भावानं पान वाचलं. दोनदा वाचलं. "काहून उकरून राह्यली तू हे? ठेव परत. मेलेल्या माणसाची बदनामी करून तुले काय भेटणार?"

"आणि ती म्हातारी?"

"तिचं काय जाते? विस्तव तर तिचा तिच्यापाशीच राहते."

भावाशी मी आजवर कधी इतक्या मोठ्यानं बोलले नव्हते. वहिनी मधे पडली म्हणून थांबले, आणि पान पिशवीत घालून निघाले.

आधी गुरुजींकडे गेले. पान दाखवलं, म्हटलं, "गुरुजी, तुम्ही खरं सांगितलं होतं. हा घ्या पुरावा." मला वाटलं ते खूश होतील. त्यांनी पान नीट वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"म्हणजे तुमच्या पणजोबाच्या कागदानं आज मी खरा ठरलो," ते म्हणाले. "आजवर काय होतो मॅडम?"

मी माफी मागितली. त्यांनी चहा दिला. पण त्यानंतर ते माझ्याशी जपून बोलायला लागले, आणि तो दोष त्यांचा नव्हता.

बैठकीत मी पान मांडलं. नऊ माणसं होती. सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं, 'अरे वा, काय अक्षर!' म्हणून झालं. पाटील म्हणाले, "आमच्या गावानं दार लावलं? हे छापायचं?" पुजाऱ्याला अनवाणी चालायचं टळलं तर हवंच होतं.

अध्यक्ष शांत होते. "ताई, एक विचारू? कोर्टात दुरुस्ती केली, बाजूला सही केली, तर कोणता मजकूर धरतात? खोडलेला की दुरुस्त केलेला?"

"दुरुस्त केलेला," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"आणि सही तुमच्या पणजोबांचीच आहे ना?"

"आहे. पण कारण वाचा की! नाराजी नको म्हणून बदललं, असं स्वतःच लिहिलं आहे त्यांनी."

"ताई, सगळ्यांची मनं सांभाळून लिहिलं म्हणून तर पोथी टिकली." मग त्यांनी फाइलीतून माझाच शेरा काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. स्वतंत्र पुरावा नाही, इथपर्यंत. मी म्हटलं, तो मी मागे घेते. ते म्हणाले, आता पुरावा सापडला आणि तो अर्पणाच्या बाजूचा निघाला, त्याला आपण काय करणार? हात वर झाले. नऊच्या नऊ. ग्रंथावरून माझं नाव काढा असं सांगून मी उठले. नाव काढलं, आणि जागा भरायला पणजोबांचं मोठ्या टायपात घातलं.

यात्रेच्या सकाळी मी देवळात गेले नाही. सरळ पोडावर गेले. आजींना सांगायचं होतं, की आता कोणी येणार नाही, आणि त्यात माझाही हात आहे. माझ्या तोंडून मी 'येतील' म्हटलं होतं, तर माझ्याच तोंडून 'येणार नाहीत' हेही त्यांना कळायला हवं होतं.

पोडावर पोचले आणि पाय थबकले. अंगण ताजं सारवलेलं. चूल पेटलेली. आजी नवं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या. गुरुजी कोपऱ्यात उभे.

"सांगितलं नाही तुम्ही?" मी हळूच विचारलं.

"आठ दिवसांपासून रोज येऊन राह्यलो सांगाले. तोंडच उघडत नाही मॅडम."

आजी माझ्या पाठीमागे वाटेकडे बघत होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं. "बाकीचे कुठं आहेत म्हणते," गुरुजी म्हणाले.

मी गुरुजींच्या कानाशी जाऊन म्हटलं, "गुरुजी, सांगा त्यांना. कोणी येणार नाही. मला कोणी पाठवलेलं नाही. ग्रंथात दुसरंच छापलं आहे. सगळं सांगा, माझं नाव घेऊन सांगा."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मग आजींकडे वळून ते बोलले, थोडंच बोलले. तोवर माझ्या पोडावर तीन-चार खेपा झाल्या होत्या. 'नाही'ला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते मला ठाऊक झालं होतं. तो शब्द त्यांच्या बोलण्यात एकदाही आला नाही. देवळाचं नाव आलं, आणि माझ्याकडे त्यांचा हात झाला.

आजींचा चेहरा उजळला. त्या सावकाश उठल्या, आत गेल्या, आणि मला चांगलं अर्धा तास अंगणात उभं ठेवलं. दुरून लाउडस्पीकरचा आवाज येत होता, पहिला दिवा पाहुण्यांच्या हस्ते लागल्याचं सांगत होते. मी दुभाष्याला पकडलं होतं, रंगेहाथ. आजींना वऱ्हाडी कळत होती, माझं एक वाक्य पुरलं असतं.

त्या खापर घेऊन दारात आल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या. मी चपला काढल्या.

"माय, विस्तव दे," मी म्हटलं.

त्यांनी निखाऱ्यांवर राख सारखी केली आणि खापर माझ्या हातात दिलं. ते फार तापलेलं होतं, पण मी सोडलं नाही. त्या हसून गुरुजींना काहीतरी म्हणाल्या, बराच वेळ.

"म्हणते, यंदा बाई धाडली हे चांगलं केलं. पुढच्या साली लवकर ये, तिले आता इतकं बसवत नाही."

हे भाषांतर बरोबर होतं की नाही, मी विचारलं नाही.

"येते माय," मी म्हटलं, आणि खापर सांभाळत निघाले.